ब्रॅम्वेलच्या पोटातलं चाक

नरसय्या, तू मला फसवलंस. तुला जाऊन दीड महिना झाला, घरात अजून तुझ्या फोटोपुढे दिवा लागतो, आणि अशा माणसावर डाफरू नये हे मला कळतं. पण मी शोकसभेतलं भाषण करायला बसलेलो नाही. तसली भाषणं तुझ्या कारखान्यात झाली. मनमिळाऊ काय, कष्टाळू काय, सगळ्यांच्या मदतीला धावणारे काय. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि वाटत होतं, एकानं तरी उठून सांगावं की हा माणूस खोटं बोलताना पापणीसुद्धा हलवत नसे. मला ते तोवर कळलं होतं. त्याच्या चारच दिवस आधी लक्ष्मीवहिनींनी मला बोलावून तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा हातात दिला होता.

"तुमचंच हाय मास्तर ह्यात. मी उगडून बगिटलं न्हाय," म्हणाल्या. साफ खोटं. तुझ्या घरात तो एक रोगच आहे.

डब्यात माझं ब्रॅम्वेल होतं, गळाची दोरी गुंडाळायचं माझं विलायती रीळ, आणि खाली जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक पुडी होती. पुडीत पाच दातेरी चाकं. चार पितळेची, हातानं कानशीनं घासून केलेली, दाते झिजून बोथट झालेले. पाचवं काळपट, जुनं, त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत ब्रॅम्वेल कंपनीचं नाव कोरलेलं, आणि एका बाजूचे सगळे दाते सोललेले. मी तुझ्या ओट्यावर बसून ते चाक उलटंपालटं करून पाहिलं. शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवतो मी. एवढं समजायला मला वेळ लागला नाही. समजलं ते पचायला मात्र अजून लागतोय.

तुला आठवण करून देतो, म्हणजे तिकडे बसून साळसूदपणाचा आव आणता येणार नाही.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. हिप्परग्याच्या तलावावर रविवारी सकाळी मी गळ टाकून बसायचो. आमच्या घरात कांद्याला हात लावतानाही विचार करतात, मासळीचं तर नावच काढायचं नाही, आणि मी मासे धरायला जातो ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक असून कुणालाच ठाऊक नव्हती. धरलेला मासा मी खात नसे, गांडुळाला शिवत नसे, गळाला कणीक आणि शेंगांच्या पेंडीचा गोळा लावत असे. तू शेजारी येऊन बसलास, पाच-दहा मिनिटं माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मास्तर, माशाला उपास हाय का आज?" मी रागावून जागा बदलली. तूही मागोमाग आलास. त्या दिवशी मला मिळालेला रोहू तुझ्या घरी गेला, आणि पुढे प्रत्येक रविवारचा मासा तिकडेच गेला. काठी आणि रीळ मला घरात नेता येत नसे म्हणून तीही तुझ्याकडेच ठेवायला लागलो. अक्कलकोट रोडवरच्या तुझ्या पॉवरलूमच्या कारखान्यात तू जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. वस्तू ठेवायला तुझ्यासारखा भरवशाचा माणूस नाही, असं मी तेव्हा लोकांना सांगत होतो. भरवशाचा! आता हसू येतं त्या शब्दाचं.

माझं रीळ इंग्लंडचं. रेल्वे क्वार्टरमधल्या हॅरिस साहेबांनी मला गळ टाकायला शिकवलं. इंजिन चालवायचे, रिटायर झाल्यावर लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेले. जाताना ते रीळ माझ्या हातात ठेवून म्हणाले होते, मास्टर, हे तुमच्यानंतरही चालेल. मूठ एकदा फिरवली की आतली चाकं दोरीची फिरकी चार वेळा फिरवत. तुझं रीळ कलकत्त्याचं, मगर छाप, सगळं पितळी, आत चाकबिक काही नाही. मूठ एकदा फिरवली की फिरकी एकदाच फिरायची. पहिल्या पगारात मागवलेलं म्हणून तू त्याला जपायचास. एवढं साधं यंत्र म्हणजे खेळणं आहे असं मी म्हणालो आणि तू चिडलास. तुला चिडताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तलावाच्या तळाला भेगा पडल्या, बांधावर बसून आपण दोघं नुसते वाद घालत होतो. पाणीच नाही तर करणार काय? त्या रिकाम्या रविवारांत ठरलं की तलाव भरला की रिळांची परीक्षा घ्यायची. चार वर्षं. तिसरं रीळ हवं म्हणून आपण मुंबईहून येणाऱ्या एकाकडून जपानी तोसाकी मागवलं. दर रविवारी प्रत्येक रिळानं गळाच्या पन्नास फेकी, किती दोरी सुटली ते शाळेच्या टेपनं मोजायचं, दोरी कुठे अडकली, मूठ कुठे जड झाली, सगळं वहीत लिहायचं. चार वर्षांनी जी चालू राहतील त्यांतलं सरस ते जिंकलं. हरणाऱ्यानं बांधावर सगळ्यांदेखत "हरलो" म्हणायचं आणि आपलं रीळ खुंटीला टांगायचं, पुन्हा तलावावर आणायचं नाही.

नियम माझेच. रीळ उघडायचं नाही, तेल द्यायचं नाही. मूळचा माल कसा आहे ते कळायला हवं ना! तू तेव्हाच म्हणालास, "काय बोलायलाव मास्तर. तेल न देता मशीन तपासायचं, म्हंजे बैलाला वैरण न घालता शर्यतीत पळवायचं." मी म्हणालो, विज्ञानात असंच करतात. या मुद्द्यावर आपलं कधीच मिटलं नाही, आणि मी मास्तर म्हणून माझाच नियम चालला. वीस वर्षांत तू मला एकदाही अरेतुरे केलं नाहीस. मी पहिल्या दिवसापासून तुला केलं. तेही आताच जाणवतंय.

तिन्ही रिळांच्या स्क्रूवर मी गरम लाख ओतली आणि ओल्या अंगठ्याचा ठसा उमटवला. कुणी उघडलंच तर कळावं म्हणून. तू शेजारी बसून कौतुकानं पाहत होतास. "लई डोकं हाय मास्तर तुमाला," म्हणालास.

तोसाकीचं मला आजही वाईट वाटतं. काय रीळ होतं! फेक पाण्याच्या पार मध्यावर जायची, दोरीला गुंता ठाऊक नव्हता, मूठ इतकी हलकी की फिरतेय की नाही कळू नये. पहिले सहा महिने आपण दोघं आपापली रिळं विसरून त्यालाच हात लावायला बघत होतो. वर्ष भरायच्या आत दोरी वळवणारी तार वाकली, मग मूठ जिथे बसते तिथला पांढरा धातू बिस्किटासारखा तुटला. मी वहीत लिहिलं, कामाला उत्तम, टिकायला कच्चं. तू म्हणालास, एक थेंब तेल दिलं असतं तर तार वाकली नसती. मी म्हणालो, दिलं असतं तर परीक्षा कसली.

राहिली दोन. तुझी मगर पहिल्या वर्षातच कुरकुरायला लागली होती. फेक आखूड, मूठ जड. माझं ब्रॅम्वेल लांब फेकत होतं, मी खुशीत होतो. आणि दुसऱ्या पावसाळ्यात मला टायफॉईड झाला.

महिनाभर मी खाटेवर. तू दर रविवारी तलावावर जाऊन दोघांचं काम एकटा करत होतास, माझ्या रिळाच्या पन्नास फेकी, तुझ्याच्या पन्नास, वरून लिहायचं. परीक्षेत खंड पडायला नको म्हणून. तिथून तू सरळ आमच्या घरी यायचास, हात साबणानं धुऊन, वास यायला नको म्हणून. खाटेशी बसायचास. मी घरच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारायचो, रीळ कसं आहे? आणि एका रविवारी तू म्हणालास, "बरं हाय की. तुमी बरे व्हा आदी."

त्या दिवशी सकाळीच त्याचे दाते सोलले होते. बाराव्या फेकीला. हे मला तू नाही, लक्ष्मीवहिनींनी सांगितलं, मी पुडी उघडून त्यांच्यासमोर धरली तेव्हा.

"तापात तुमी त्या सायबाचं नाव घेत हुता म्हनं. हे घरी आले, जेवले न्हाईत. म्हनले, आता सांगितलं तर मास्तर हाय खातील. मंग काय, कारखान्यातल्या मोडीतली पितळंची चकती आनली आनि बसले कानस घिऊन. आट दिवस घासत हुते. कामावरनं आले की तेच."

"आणि मी बरा झाल्यावर?" मी जरा मोठ्यानंच विचारलं. "तेव्हा काय झालं होतं सांगायला?"

"तवा तुमी लई खुशीत हुता की," त्या म्हणाल्या.

खुशीत होतो! साडेचार वर्षं तू मला खुशीत ठेवलंस. हातानं केलेलं पितळी चाक वर्षभर टिकायचं, मग दाते बोथट व्हायचे, मग तू नवीन करायचास. माझ्या रिळाचा आवाज बदलला होता हे माझ्या लक्षात आलं होतं बरं का. आधी किर्र वाजायचं, पुढे खुर्र वाजायला लागलं. आणि मी, विज्ञानाचा मास्तर, बांधावर चहाच्या कपाशी बसून तुला समजावून सांगितलं की चांगला विलायती धातू वयाबरोबर मुरतो, दाते एकमेकांत बसतात, म्हणून आवाज दमदार होतो. तू मान डोलावत ऐकत होतास. आदल्याच आठवड्यात ते दाते तू स्वतः घासले होतेस! नरसय्या, त्या वेळी तुला हसू कसं आलं नाही? की घरी जाऊन हसलास? हसला असशील तर मला बरं वाटेल. न हसता ऐकलं असशील तर मी तुला माफ करणार नाही.

आणि ती लाख. परवा मी भिंग घेऊन पाहिली. तुझ्या मगरीवरचा ठसा माझाच आहे, परीक्षेच्या पहिल्या दिवसाचा, लाखेला चिरसुद्धा नाही. स्वतःच्या रिळाला तू शब्दाप्रमाणे तेलाचा थेंब दिला नाहीस, उघडलं नाहीस, कुरकुरू दिलंस. ब्रॅम्वेलवरच्या ठशात मात्र अंगठ्यावरून एक आडवी रेघ गेली आहे. मागाच्या धोट्यानं तुझा अंगठा चिरला होता, त्याला टाके पडले होते, ती रेघ. साडेचार वर्षं दर रविवारी ते रीळ माझ्या हातात होतं आणि मी एकदाही नीट पाहिलं नाही. चोरी पकडायला म्हणून ठसा उमटवला आणि चोराचा ठसा हातात धरून फिरलो. ती लाख मी फोडलेली नाही. फोडायला हात उठत नाही.

पण माझा खरा राग याचाही नाही. राग आहे तो निकालाच्या दिवसाचा.

चार वर्षं पूर्ण झाली तेव्हा बांधावर आपले नेहमीचे सहा-सात गडी होते, टपरीवाल्या दस्तगीरचाचांनी चहा केला होता. मी वही वाचून दाखवली. मगर चालू आहे, पण फेक आखूड. ब्रॅम्वेल चालू आहे, फेक लांब. तू उठलास, टोपी काढलीस आणि खणखणीत आवाजात म्हणालास, "हरलो मास्तर. लिवा, इंग्रज जिंकला." सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो. तू घरी जाऊन मगर खुंटीला टांगलीस आणि पुढचं दीड वर्ष नुसत्या दोरीनं, बोटाला गुंडाळून, मासे धरलेस. दोरीनं बोटं कापायची. मी शेजारी बसून ब्रॅम्वेल फिरवत होतो. एकदा म्हणालोसुद्धा, नियम म्हणजे नियम, काय करणार. तुझ्या बोटांकडे बघत म्हणालो.

तुला एवढंच म्हणायचं होतं, मास्तर, तुमचं रीळ दोन वर्षंही टिकलं नाही. मी दोन दिवस तोंड फिरवून बसलो असतो. फार तर एक रविवार आलो नसतो. मला तू एवढा कच्चा समजलास? की माझा आनंद तुझ्या खऱ्या विजयापेक्षा मोठा आहे हे तूच ठरवून मोकळा झालास? विचारायचं तरी होतंस मला. दुसऱ्याची लाज राखताना त्याला कळूच द्यायचं नाही, आणि मग मरून जायचं, म्हणजे त्यानं ती लाज ठेवायची कुठे? मगरीचा मान तू स्वतःच्या हातानं घालवलास, तिचं तर काहीच चुकलं नव्हतं. आणि मला दीड वर्ष असा माणूस बनवून ठेवलंस, जो मला आता पाहवत नाही.

तीन रविवारांपूर्वी मी हिप्परग्याला गेलो. वहिनींकडून खुंटीवरची मगर मागून घेतली होती. सगळे जमल्यावर मी उभा राहिलो, वही काढली आणि निकाल बदलून वाचला. ब्रॅम्वेल दुसऱ्याच पावसाळ्यात मोडलं, मगर छाप शेवटपर्यंत टिकली, तेलाशिवाय टिकली, नरसय्या जिंकला. आणि मग म्हणालो, हरलो. माझा आवाज तुझ्यासारखा खणखणीत निघाला नाही.

मला वाटलं होतं लोक चकित होतील. कुणी कपसुद्धा खाली ठेवला नाही. दस्तगीरचाचा भांडं विसळत म्हणाले, "सबकू मालूम था मास्तर. तुमकूच नै मालूम था."

सबकू! ती बारावी फेक या सगळ्यांसमोरच झाली होती. तू त्यांना शपथ घातलीस, आणि ही चहापाण्याची माणसं, ज्यांच्या पोटात एक गोष्ट दुपारपर्यंत टिकत नाही, ती माझ्यासाठी साडेचार वर्षं तोंड मिटून बसली. मी धातू मुरतो म्हणून सांगत होतो तेव्हा तेही ऐकत होते. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. चाचांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"बैठो," म्हणाले. "उनो बोलनेच वाले थे तुमकू. उनके हाथां कांप रे थे आखिरकू, चकरी नै बन्ती थी. मेरेकू बोले, चाचा, ये आखरी चकरी है. ये टूटी की मास्तरकू सब सच्ची बोल देतूँ. फिर मारने दो उनकू."

मारलं असतं रे. खरंच मारलं असतं. आणि मग घट्ट धरून ठेवलं असतं.

आता माझं एवढंच चाललंय. मगर छाप बांधावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवतो, तिच्यावर कुणी हसलं की भांडतो. पण नियम मोडून गळ टाकतो तो ब्रॅम्वेलनंच. पन्नास नाही, शंभर फेकी, कधी त्याहून जास्त. मूठ उलटी ओढतो, मासा नसला तरी हिसका देतो, ओल्या वाळूत ठेवतो, तेल तर नाहीच. परवा चाचा ओरडले, टूट जायेगा मास्तर. मी म्हणालो, तुटू दे. रविवार संपतो, खांदा भरून येतो, आणि तुझं ते हातानं घासलेलं, थरथरत्या बोटांनी केलेलं चाक जसंच्या तसं खुर्र फिरत राहतं. इतकं चांगलं करायची काय गरज होती तुला? हे मोडेल त्या दिवशी तू मला सगळं सांगणार होतास, नरसय्या. मोडत का नाही ते?